जामचा दरवाजा आणि चोरवाट

माळव्याच्या पठारावरून निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात, उतरावयाचे तर इंदूरकरांस तीन वाटा आहेत. सिमरोल-चोरलवरून बडवाहकडे जाणारा खंडवा रस्ता ही एक. महूवरून मानपूरचा घाट उतरून धामनोदकडे जाणारा, ट्रकांच्या रांगांनी सदा गजबजलेला जुना आग्रा-मुंबई मार्ग ही दुसरी. तिसरी वाट महूलाच फुटते आणि बडगोंद्यावरून जामच्या घाटाने मंडलेश्वरास पोहोचते. पहिल्या दोन वाटांनी माणसे कामासाठी जातात. तिसरीने हौसेने जातात.

जामच्या घाटमाथ्यावर एक दगडी दरवाजा उभा आहे. अहिल्याबाईंनी तो १७९१ साली बांधविला. १७६७ पासून त्यांचा कारभार महेश्वरहून चाले, आणि होळकरांचा मुलूख तर वर माळव्यात व खाली निमाडात असा जणू दोन पायऱ्यांवर पसरलेला. त्या दोन पायऱ्या जेथे जुळतात तेथे हा दरवाजा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, तर महेश्वर दीडशे मीटरांच्या आसपास. दरवाज्यापाशी उभे राहून दक्षिणेकडे पाहिले म्हणजे पायाखालची जमीन एकाएकी कोणी काढून घेतली की काय, असे वाटते. पावसाळ्यात तेथे नुसते धुके. कार्तिकात मात्र हवा निवळलेली असते आणि खालच्या झाडीपलीकडे निमाडची कपाशीची शेते दूरवर पसरलेली दिसतात.

इंदूर, देवास, धार येथील जुन्या मराठी घरांना महेश्वर हे क्षेत्रही आहे आणि अर्धे माहेरही आहे. आमच्या मातोश्री दर त्रिपुरी पौर्णिमेला महेश्वरी जाऊन नर्मदेची ओटी भरीत. त्या गेल्या, त्यानंतरचा हा पहिला कार्तिक. हा नेम चुकू नये, असे आमच्या आत्याबाईंच्या मनाने घेतले. वय वर्षे ८२, गुडघे कुरकुरणारे. पण वहिनीची राखून ठेवलेली महेश्वरी साडी, खण, नारळ असे सारे बांधून त्या चतुर्दशीला सकाळीच दारात उभ्या. आम्ही उभयता, आत्याबाई आणि गाडी चालवावयास आमचा पुतण्या, अशी मंडळी निघाली.

गाडी दहा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. दोन दिवसांपूर्वीच तिचे सर्व्हिसिंग झाले होते. लिटरमागे ती पूर्वीइतके अंतर देत नव्हती, म्हणून तेथील कारागिराने हवा मोजणारा सेन्सर व थ्रॉटल बॉडी ही दोन्ही स्वच्छ केली होती. या सेन्सरचे काम वाचकांस थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सारी हकीकत त्याच्याभोवतीच फिरते. एअर फिल्टरमधून गाळून आलेली हवा इंजिनाकडे जाताना वाटेत एका तापविलेल्या बारीक तारेवरून, किंवा तशाच पातळ पापुद्र्यावरून, वाहते. हवा जितकी अधिक तितकी ती तार अधिक निवते, आणि तिला पुन्हा ठरलेल्या उष्णतेवर आणण्यास जितकी वीज लागते तिच्यावरून आत किती वजनाची हवा गेली हे गाडीच्या संगणकाला कळते. पेट्रोल नीट जळण्यास त्याच्या १४.७ पट वजनाची हवा लागते. तेव्हा हवेचा आकडा हाती आला की संगणक त्या बेताने पेट्रोल सोडतो. तारेवर धूळ वा तेलाचा थर बसला की आकडा चुकतो. म्हणून ती स्वच्छ करावयाची.

घरून निघताना इंजिनात किंचित थरथर जाणवली. गाडी परत घेतेवेळी कारागिराने सांगून ठेवलेच होते की, सेन्सर मळलेला असताना संगणकाने जी सवय लावून घेतली ती मोडावयास त्याला थोडा प्रवास घडावा लागतो. हे सांगणे खोटे नव्हते. जुन्या सवयीने संगणक काही काळ पेट्रोल जास्त सोडीत राहतो, आणि मग प्राणवायू तपासणाऱ्या दुसऱ्या सेन्सरचे ऐकून हळूहळू ताळ्यावर येतो. पण अशा गाडीचे लक्षण अंतरागणिक सुधारावयास हवे. आमच्या गाडीचे बिघडत चालले. महूच्या बाजारात ती एकदा बंद पडली. पुढे चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की हिसके देऊ लागली. गाडी उभी केली की इंजिनाच्या फेऱ्या वर जात, खाली येत, पुन्हा वर जात. दमेकऱ्याच्या श्वासासारखे ते चाले. जामच्या दरवाज्यापाशी आम्ही थांबलो तेव्हा ती लागोपाठ दोनदा बंद पडली आणि समोरच्या फळीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

समोर उतार होता. घाटात इंजिन बंद पडणे हा नुसता खोळंबा नव्हे. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन थांबले की तो पहिल्या एकदोन दाबांपुरती साथ देतो, मग पेडल दगडासारखे होते. स्टिअरिंगही जड होऊन बसते. पुतण्याचा चेहरा उतरला. आत्याबाईंनी तो ओळखला.

"काय रे, जमेल ना?"

"जमेल, आजी. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवीन. चाकंच इंजिनाला फिरवत राहतील, ते बंद पडायचं नाही. पण तुम्ही गाडीत नसाल तर माझा हात जास्त स्थिर राहील."

दरवाज्यापाशी देवासचे एक मराठी कुटुंब दशम्या सोडून बसले होते. त्यांचीही वाट महेश्वरचीच. त्या बाईंनी आमचे बोलणे ऐकले आणि आपण होऊन म्हटले, "आत्याबाई, आमच्या गाडीत जागा आहे, चला की." आत्याबाईंनी क्षणभर दरवाज्याकडे, मग पुतण्याकडे पाहिले. ओटीचे गाठोडे त्यांनी काखेत घेतले. "गाठोडं माझ्याबरोबर येईल. तुम्ही मागनं या, पण सावकाश या, उद्या पहाटेपर्यंत मला कसली घाई नाही," असे म्हणून त्या देवासकरांच्या गाडीत जाऊन बसल्या. आमच्या सौभाग्यवतीही त्यांच्या सोबतीला गेल्या.

आम्ही दोघे दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचला पाय न लावता, तो घाट उतरलो. पुतण्याचे म्हणणे खरे ठरले. इंजिन बंद पडले नाही. वळणावळणाने सागाची झाडी वर सरकत होती. माथ्यावरचा गारवा तासाभरात निघून गेला आणि कार्तिकातही निमाडची ऊब अंगाला लागली. सपाटीवर आल्यावर मात्र गाडीने पुन्हा हिसके देण्यास आरंभ केला, आणि मंडलेश्वराच्या वेशीशी ती जी थांबली ती थांबलीच.

मंडलेश्वर हे मंडनमिश्रांचे गाव अशी परंपरा आहे. आद्य शंकराचार्यांचा आणि त्यांचा वाद येथेच झाला, असे येथील लोक श्रद्धेने सांगतात. त्या वादात निवाडा करण्यास मंडनमिश्रांच्या पत्नी बसल्या होत्या. आम्हांसही त्या दुपारी एक निवाडा हवा होता, आणि वादी-प्रतिवादी दोघेही बोलके निघाले.

पहिला पक्ष दूरध्वनीवरून बोलला. इंदूरच्या कारागिराने आमची लक्षणे ऐकून घेतली व सांगितले, "हवेच्या सेन्सरचा कपलर काढा आणि गाडी चालू करून पाहा." पुतण्याने तसे केले. नवल असे की, इंजिन बरेच शांत चालू लागले! "झाले तर," पलीकडून उत्तर आले, "सेन्सर गेला. स्वच्छ करताना तार दुखावली असेल. नवा मागवावा लागेल. दोनतीन दिवस लागतील." नव्याची किंमत ऐकून आम्ही काही बोललो नाही.

दुसरा पक्ष रस्त्याकडेच्या एका लहानशा गॅरेजात भेटला. पन्नाशीचे गृहस्थ, कपाळावर भस्म, हातात काळे फडके. आजूबाजूचे सारे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी बोनेट उघडले, पण हात कशालाच लावला नाही. आधी विचारले, "गाडी बिघडायच्या आधी तिला शेवटचा हात कुठे लागला?" आम्ही सांगितले. "मग नवीन आजार शोधायला लांब कशाला जायचे? त्याच जागेपासून सुरू करू." हे सारे त्यांच्या निमाडी ढंगाच्या हिंदीत, आशय आमच्या शब्दांत देत आहोत.

त्यांनी एकेक जागा क्रमाने पाहिली. कपलर शेवटपर्यंत बसला आहे काय, आतली एखादी पिन वाकली आहे काय. सेन्सरवर हवेच्या वाटेचा बाण असतो, तो इंजिनाकडे वळलेला आहे काय. सेन्सरच्या बुडाशी रबरी कडे असते, ते जागेवर आहे काय. फिल्टरच्या डब्याच्या चारही क्लिपा लागल्या आहेत काय. सारे ठाकठीक होते. मग त्यांनी सेन्सर काढून उजेडात धरला. तार अखंड, स्वच्छ, कोरडी. तिला बोट मात्र लावले नाही. नंतर हातातले स्कॅनर यंत्र जोडले. त्यावर एकच तक्रार उमटली, पी-०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. "सेन्सरच मेला असता तर बहुतेक त्याच्या नावाची तक्रार आली असती," ते म्हणाले, "शंभरापासून पुढे चारपाच आकडे आहेत ते. त्यांतला एकही येथे नाही."

"पण कपलर काढला तर गाडी सुधारते, त्याचे काय?" आम्ही विचारले.

त्यावर उस्तादांनी जे सांगितले ते आम्हांस त्या प्रवासातील सर्वांत मोलाचे वाटले. त्यांनी जामच्या दरवाज्याचाच दाखला दिला. समजा, त्या दरवाज्यावर एक माणूस आल्यागेल्याची मोजणी करीत बसला आहे. शंभर माणसे आत शिरली. पण त्यांतली वीस दरवाज्याला वळसा घालून झाडीतल्या चोरवाटेने खाली उतरली. मोजणारा प्रामाणिक आहे, तो ऐंशीच सांगणार. खाली स्वयंपाक ऐंशींचा होतो आणि वीस उपाशी राहतात. आता मोजणाऱ्याला उठवून घरी पाठविले, तर खालचा आचारी म्हणतो, वाट एवढी रुंद आहे आणि आज पौर्णिमा आहे, तेव्हा शंभर तरी येतील. त्याचा हा अंदाज मोजणीपेक्षा खरा ठरतो! म्हणून मोजणारा खोटा ठरतो काय?

गाडीचे अगदी असेच होते. कपलर काढला म्हणजे संगणक हवा मोजणे सोडून देतो. थ्रॉटलची झडप किती उघडली आणि इंजिनाच्या फेऱ्या किती, यांवरून तो हवेचा अंदाज बांधतो. हवा दरवाज्यातून आली की झडपेअलीकडच्या चोरवाटेने, याचे त्या अंदाजाला सोयरसुतक नसते. म्हणून कपलर काढल्यावर गाडी सुधारली, तर एवढेच सिद्ध होते की सेन्सरचा आकडा आणि आत गेलेली हवा यांचा मेळ बसत नाही. सेन्सर चुकीचे मोजतो, की हवा न मोजता आत शिरते, हे त्या एका परीक्षेने ठरत नाही.

मग उस्तादांनी चोरवाट शोधली. सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये घड्याघड्यांची एक रबरी नळी असते. थ्रॉटल साफ करावयाचा तर ती ओढून काढावी लागते. त्यांनी इंजिन चालू ठेवून पंख्यापासून हात दूर राखीत ती नळी हळूच वाकविली. त्याबरोबर इंजिनाचा आवाज बदलला, फेऱ्या कोसळल्या. इंजिन थांबवून नळी सोडविली व उलटी केली. खालच्या अंगास, दोन घड्यांच्या खोबणीत, बोटभर लांबीची चीर! वरून पाहणाऱ्यास ती कधी दिसली नसती. दहा वर्षांच्या उष्णतेने ते रबर कडक झाले होते. नळी काढता-घालताना ताण बसला आणि ते खोबणीत फाटले. आरंभी चीर लहान असावी. चढावर जोर दिला की इंजिन आपल्या बैठकीवर किंचित कलते, आणि त्याबरोबर ती उघडते. प्रत्येक हिसक्यासरशी ती वाढत गेली. शहरात गाडी जेमतेम चालली आणि घाटाने तिचा अंत पाहिला, त्याचे कारण हे.

उस्तादांकडे तशी नळी नव्हती. त्यांनी ती पेट्रोलने पुसून वाळविली, रबरी पट्टीचे घट्ट वेढे दिले, दोन्ही टोकांच्या क्लिपा आवळल्या आणि कपलर परत लावला. इंजिन सुरू झाले ते एकाच लयीत. स्कॅनरवर आधी संगणक पेट्रोलची जी मोठी भर घालीत होता, ती डोळ्यांदेखत उतरू लागली. मजुरी विचारली तेव्हा त्यांनी सांगितलेली रक्कम आम्हांस लाज वाटावी इतकी थोडी होती. आम्ही ती आमच्या अंदाजाने वाढवून दिली. "ही पट्टी घरी पोहोचेपर्यंतची," त्यांनी बजावले, "वर गेल्यावर नवी नळी घाला. आणि मानपूरच्या घाटाने नका जाऊ. तेथे ट्रकांमागे ताटकळावे लागते, जामनेच जा."

महेश्वर तेथून जवळच. संध्याकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा आत्याबाई अहिल्येश्वराच्या पायऱ्यांवर बसून देवासकरांच्या नातीला वाळूत रांगोळीचे ठिपके शिकवीत होत्या. किल्ल्यातल्या माग चालणाऱ्या खोल्यांतून खटखट ऐकू येत होती. महेश्वरी साडीच्या काठावरचे विटा, चटई, लहर हे नमुने प्रसिद्ध आहेत. आमच्या मातोश्रींच्या साडीला चटईचा काठ होता. तो पाहून एका विणकराने आत्याबाईंना सांगितले की हे काम जुन्या हाताचे आहे. आत्याबाईंना त्याचा आनंद झाला, आणि मग ती साडी नदीला द्यावयाची की नाही याबद्दल त्यांचे मन थोडे डळमळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावर दिवेच दिवे होते. आत्याबाईंनी सर्वांत खालच्या पायरीवर, पुतण्याचा हात धरून, स्नान केले. खण-नारळाने नर्मदेची ओटी भरली. साडी त्यांनी पाण्याला लावली, कपाळाला लावली आणि घडी करून आमच्या सौभाग्यवतींच्या हाती ठेवली. "पुढच्या कार्तिकात हीच नेसून ये," एवढेच म्हणाल्या. रावेरखेडीस जाऊन थोरल्या बाजीरावांच्या समाधीचे दर्शन घ्यावयाचे, असा आमचा बेत होता. पट्टी लावलेल्या नळीवर तेवढा फेरा नको म्हणून तो सोडून दिला. १७४० साली तेथे नर्मदाकाठी विसावलेल्या त्या पुरुषाच्या दर्शनास आम्ही पुन्हा जाऊ. परतताना आत्याबाई आमच्याच गाडीत बसल्या आणि जामचा चढ गाडीने एकदाही कुरकुर न करता चढून काढला.

आता, वाचकांपैकी ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. हवेचा सेन्सर स्वच्छ करावयाचा तर त्यासाठीच मिळणारा फवारा वापरावा. कार्बोरेटर वा ब्रेक साफ करण्याच्या द्रव्यांनी तारेवर थर राहतो आणि प्लॅस्टिक बिघडते. तारेला बोट, ब्रश, कापूस लावू नये. दाबाची हवाही मारू नये. पूर्ण वाळल्याखेरीज तो जोडू नये, आणि जोडताना चावी बंद असावी. पुष्कळ लहान गाड्यांत हा सेन्सर नसतो. त्याऐवजी इंजिनाच्या आतील हवेचा दाब मोजणारा असतो, तेव्हा आपल्या गाडीत कोणता आहे हे आधी विचारून घ्यावे. थ्रॉटल साफ केल्यावर काही गाड्यांना उभ्या गाडीतल्या फेऱ्या पुन्हा शिकवाव्या लागतात. त्याची रीत गाडीच्या पुस्तकात वा गॅरेजात कळते. आणि एवढे करूनही गाडी बिघडली, तर उस्तादांचा क्रम ध्यानात ठेवावा: कपलर, बाण, रबरी कडे, फिल्टरचा डबा, नळी आणि तिच्या क्लिपा. एवढ्या जागा पाहण्यास अर्धा तास पुरतो व खर्च काही नाही. नव्या सेन्सरचा विचार त्यानंतर करावा.

इंदुरास येताच नवी नळी घातली. तिची किंमत सेन्सरच्या किमतीपुढे अगदी किरकोळ. इंदूरच्या कारागिरास जुनी नळी दाखविली तेव्हा त्याने ती उलटसुलट करून पाहिली, चिरेत नख घातले, आणि आमच्या परवानगीने ती आपल्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवली. शिकाऊ पोरांना दाखवायला बरी, म्हणाला. सेन्सर तोच आहे, आणि गाडी लिटरमागे पूर्वीइतके अंतर देऊ लागली आहे.